बबनदादांचा डावा कान

आमच्या तालुक्याच्या या दिवाळी अंकात आजवर एसटीच्या कंडक्टरने लिहिलं, गुरांच्या डॉक्टरने लिहिलं, एका वर्षी तर लाकडाच्या वखारवाल्यानेही लिहिलं. डीजेला कुणी विचारलं नव्हतं. डीजे म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा असतो तो माणूस. त्याने लिहायचं कशाला? तरी संपादक सर तीन वर्षं माझ्या मागे आहेत. दोनदा मी लग्नसराईचं कारण सांगून सुटलो. यंदा हो म्हणालो. त्याचं कारण आहे, पण ते शेवटी सांगेन, कारण आधी सांगितलं तर पुढचं लिहायला हात उचलणार नाही.

मी शहापूरचा. मंडप आणि स्पीकर भाड्याने द्यायचं काम घरचंच होतं, त्यातून डीजे झालो. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मी हळदी, वराती आणि गणपती चोवीस वर्षं वाजवले. लोकांना वाटतं डीजे म्हणजे गाणी लावणारा. गाणी काय, माझी आईसुद्धा मोबाईलवर लावते. आमचं काम दोन गाण्यांच्या मधलं. पहिलं गाणं चालू असताना दुसरं असं आत आणायचं, की नाचणाऱ्याच्या पायाला कळूही नये. त्यासाठी दुसऱ्या गाण्याचा वेग पहिल्याएवढा करावा लागतो. वेग कमीजास्त करायला यंत्रावर एक सरकपट्टी असते. एका कानाला हेडफोन, त्यात येणारं गाणं. दुसरा कान मोकळा, त्यात चालू गाणं. दोन्ही ठोके एकावर एक बसले की मग ते मांडवात सोडायचं. नाही बसले, तर फरशीवरून दोन घोडे पळाल्यासारखा आवाज होतो आणि सगळा मांडव तुमच्याकडे बघतो.

हे मला शिकवलं फ्रान्सिस अंकलनी. उभा जन्म त्यांनी मुंबईच्या हॉटेलांत रेकॉर्डी वाजवल्या आणि म्हातारपणी वाशिंदच्या एका नव्या इमारतीत राहायला आले. त्या इमारतीच्या सत्यनारायणाला मी स्पीकर लावला होता. अंकल लेंग्यावर खाली उतरले, दहा मिनिटं ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "आवाज चांगला हाय मॅन. अक्कल कमी हाय."

मी चिडलो. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभा राहिलो, कारण म्हणणं खरं होतं.

त्यांच्याकडे दोन खोके भरून रेकॉर्डी होत्या. फंक, सोल आणि डिस्को. मला तोवर डिस्को म्हणजे चमचमते कपडे एवढंच माहीत होतं. अंकलनी टेबलावर बोटं आपटून फरक समजावला. डिस्कोत चारही ठोके सारखे, उखळात मुसळ पडावं तसे. सोलमध्ये वजन दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, माणूस टाळी देतो तिथे. फंकमध्ये सगळा जोर पहिल्यावर. तो पहिला सांभाळला की बाकीच्यांनी कितीही मस्ती करावी. दुपारी शेजारच्या बाई झोपायच्या, म्हणून स्पीकर बंद. सुईखालून रेकॉर्ड जी बारीक चिरचिर करते, तेवढ्यावर मी ठोके जुळवायला शिकलो. पहिले चार महिने मी वाजवलेलं माझ्याशिवाय कुणीही ऐकलेलं नाही. इमारतीत मला अंकलचा औषधं आणून देणारा माणूस समजत.

अंकलनी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगितली. मशीनवर बनवलेल्या आजच्या गाण्याचा वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असतो. या जुन्या रेकॉर्डींचं तसं नाही. "ह्याच्यात माणूस बसलाय," ते म्हणायचे. "ड्रमर. तो कडव्याला दमतो, कोरसला जोर करतो. तू पट्टी एकदा लावली आणि चहा प्यायला गेला, तर गेला तू." म्हणून बोट पट्टीवरून उठायचं नाही. केसभर पुढे, केसभर मागे. सतत.

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एक रिसॉर्ट झालं होतं. रविवारी दुपारी मुंबईची मंडळी पोहायच्या तलावाकाठी जेवायला आणि नाचायला यायची. मालकाला जुनं डिस्को हवं होतं, आणि त्याच्यासोबत खरे वाजवणारे. शहरात तशी पद्धत असते म्हणे. शहरातला ड्रमर इथवर कशाला येतोय? मी धसईला गेलो, बबनदादांकडे.

बबनदादा बेंजो पार्टीत ढोल वाजवायचे. ज्यांना बेंजो पार्टी माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे वरातीपुढे बेंजो, ताशे, ढोल घेऊन चालणारा सात-आठ जणांचा ताफा असतो. बबनदादांची धसईला भातशेती होती, बाजाराच्या दिवशी ते काकडी, दुधी घेऊन बसत. अंगाने किरकोळ. पण त्यांनी ढोल मारला की पोटात कळायचं. मी त्यांच्या खळ्यावर यंत्र मांडलं आणि फंकची एक रेकॉर्ड लावली. दादा उकिडवे बसून ऐकत राहिले.

"ह्यो वाजवनारा कोन?"

"अमेरिकेतला कुणीतरी. आता असेल-नसेल."

"हात बरा हाय. पयल्या ठोक्याला बसतो नं मंग हिंडाया जातो. घर माहीत हाय त्याला."

फंकबद्दल याहून नेमकं मी आजवर कुठे ऐकलेलं नाही. दादांनी ढोल गळ्यात अडकवला आणि सुरुवात केली. पहिल्याच मिनिटाला सुई उडाली. ढोलाचा हादरा जमिनीतून टेबलात आणि टेबलातून सुईत. त्यावर उपाय वयनींनी काढला. कुंदावयनी, दादांची बायको. त्यांनी भाताच्या कोंड्याची गोणी आणून टेबलावर आडवी टाकली. "ठेवा त्यावर तुमचा तवा." सुई परत उडाली नाही. पुढे रिसॉर्टवरही मी ती गोणी नेत असे, वर चादर घालून. मुंबईचे पाहुणे विचारायचे, हे काय आहे. मी सांगायचो, इम्पोर्टेड आहे.

दुसरी अडचण मोठी होती. रंगात आले की दादा वेग वाढवायचे. रेकॉर्ड मागे राहायची, घोडे सुटायचे. मी वाशिंदला जाऊन तक्रार केली. अंकल पहिल्यांदा माझ्यावर रागावले.

"ड्रमरला कधी करेक्ट करायचं नाय. तो माणूस हाय. तू बटण हाय. तो जाईल तिकडे तू जायचं."

मग मी तसं शिकलो. एका बाजूला रेकॉर्डमधला कुठला तो परदेशातला माणूस, एका बाजूला धसईचे बबनदादा, आणि मध्ये माझं बोट. दादांचा खांदा वर गेला की पुढचा ठोका जोराचा, हे मला दिसायला लागलं. घाईत येणार असले की ते खालचा ओठ दाबायचे. सहा महिन्यांनी मी कानापेक्षा डोळ्यांनी जास्त जुळवत होतो. एका रविवारी वीस मिनिटं सोल, फंक आणि डिस्कोच्या पाच रेकॉर्डी एकामागून एक गेल्या आणि दादांचा ढोल कुठेही तुटला नाही. तलावाकाठचे लोक जेवणं टाकून उठले होते. वाजवणं संपल्यावर दादांनी ढोलाच्या काठावर काठी दोनदा आपटली. टक टक. जमलं, असा त्याचा अर्थ. तोंडाने त्यांनी कधी शाबासकी दिली नाही. त्या दोन टकटकींसाठी मी पुढे किती वर्षं राबलो ते मलाच माहीत.

खुणांची आमची एक भाषाच झाली होती. काठी वर, म्हणजे गाणं बदल. काठी कातड्यावर आडवी, म्हणजे थांब. ही दुसरी खूण वरातीत लागायची. गावात कुणाकडे दुःख झालेलं असलं, तर त्या घरावरून वाजंत्री वाजत जात नाही. चार घरं आधी थांबायचं, मुकाट चालायचं, चार घरं पुढे गेल्यावर परत सुरू करायचं. दादा गावात शिरताना आधी हेच विचारून घ्यायचे. मला म्हणाले होते, "वाजवता कोनालाबी येतं. थांबता आलं पायजे."

मग लॅपटॉप आला. अंकल तोवर गेले होते. त्यांची दोन खोकी माझ्याकडे आली. रेकॉर्डी काही हलत्या टेम्पोवर चालत नाहीत, आणि माझं मुख्य काम वरातींचं. लॅपटॉपमध्ये एक बटण असतं, ते दाबलं की दोन गाण्यांचे वेग आपोआप जुळतात. बोट लागत नाही. मी एकदा दाबलं आणि नंतर दाबतच गेलो. सगळी जुनी गाणी मी त्यात सरळ करून घेतली, आतल्या माणसाचं दमणं-बिमणं सगळं काढून टाकलं. हळदीच्या गाण्याखाली डिस्कोचा ठेका सरकवणारा डीजे म्हणून माझं नाव झालं, लोक मला मोखाड्यापर्यंत बोलवायला लागले.

फक्त बबनदादा सरळ होत नव्हते. मशीन एका वेगाने चालणार आणि दादा त्यांच्या. आता बोट तर मी केव्हाच उचललं होतं. म्हणून मी दादांनाच म्हणालो, "दादा, आता तुमी गाण्याच्या मागं या." आणि त्यांना गाणं नीट ऐकू यावं म्हणून त्यांच्या डाव्या कानाशी एक स्पीकर लावला. टेम्पोच्या मागच्या फळीवर, त्यांच्या डोक्याच्या उंचीला. ते त्याला डबा म्हणायचे. तोंड त्यांच्याकडेच. सात सीझन तो तिथे होता.

एकदा, नडगावच्या बाजूला हळद होती, चार वाजता आम्ही चहाला थांबलो तेव्हा दादा म्हणाले, "दिलीप, यो डबा जरा लांब ठेव. घरी गेल्याव कानात भुंगा फिरतो."

"लांब ठेवला तर तुमी मागं पडता, दादा."

"तरी ठेव रे वाईच."

मी डबा दोन वीत लांब सरकवला. ते म्हणाले, "बरं केलास." त्या दिवसाचं अजून थोडं सांगायचं आहे. तेही शेवटी.

त्यानंतर दोन वर्षांनी किन्हवलीच्या पलीकडे एका गावात लग्न होतं. सकाळी अकराचा सुमार. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला होता. गल्लीच्या मध्यावर एक घर होतं, तिथला कर्ता मुलगा पंधरा दिवसांपूर्वी गेला होता. हे दादांनीच सकाळी विचारून मला सांगितलं होतं. चार घरं आधी मी आवाज खाली घेतला आणि बंद केला. ताशे थांबले, बेंजो थांबला. नाचणारे खाली मान घालून चालायला लागले.

बबनदादा वाजवत राहिले.

गर्दीने ते त्या दिवशी टेम्पोपासून बरेच पुढे गेले होते आणि माझ्याकडे त्यांची पाठ होती. सगळ्या गल्लीत एकटा ढोल. त्या घरासमोर आले तरी ढोल. मी माईक उचलला आणि त्यातून ओरडलो, "ओ बबनदादा! पिऊन आलाव काय?"

दादा आयुष्यात कधी प्यायले नाहीत. हे मला माहीत होतं. माईकवरून बोललेलं त्यांना ऐकू गेलं नाही, पण गावाला गेलं. दोन-तीन जण धावले, एकाने त्यांचा हात धरला. तेव्हा दादांनी मान वर केली. आधी माणसांची तोंडं पाहिली, मग ते घर पाहिलं. दारात एक म्हातारी येऊन उभी होती. दादांनी ढोल गळ्यातून काढला, जमिनीवर ठेवला आणि तिथेच रस्त्यावर तिच्यासमोर गुडघे टेकले. म्हातारी पदर तोंडाला लावून आत गेली.

दादा ढोल तिथेच टाकून चालत निघाले. एसटीने धसईला गेले. मी वरात पूर्ण केली. वाजवली, नाचवली, सगळं केलं. संध्याकाळच्या आत ढोल घेऊन त्यांच्याकडे पोचलो तेव्हा तोंडात शिव्या तयार होत्या.

वयनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"त्यांना डाव्या कानानं दोन वरसं काय पन ऐकू येत नाय. उजव्यानं बी कमीच. तुमाला सांगू नको बोल्ले. दिलीपला कल्लं तर तो मना बोलवाचा नाय, बोल्ले."

"मग इतके दिवस वाजवत होते कसे?"

"तुमच्याकडं बगून. तुमची मान हालते ना, तिच्याकडं बगून."

म्हणजे मी कधीकाळी जे त्यांच्यासाठी केलं, ते दोन वर्षं ते माझ्यासाठी करत होते, आणि मला पत्ताही नव्हता. मी तर लॅपटॉपकडे बघत असे. त्या दिवशी गर्दीमुळे माझी मान त्यांना दिसली नाही, एवढंच झालं होतं.

मी त्यांना कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे काचेची एक खोली असते. पेशंटला हेडफोन लावतात, बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बोट वर करायचं. मी बाहेरून काचेतून बघत होतो. आधी डावा कान. दादा मांडीवर हात ठेवून शहाण्या मुलासारखे बसले होते. डॉक्टरीणबाई बटण फिरवत होत्या, आकडा वाढत होता. दादांचं बोट काही वर जाईना. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर करू का, असं विचारल्यासारखं. मी नजर खाली घातली.

नंतर बाई मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "डावा कान एवढा कसा गेला? त्या बाजूला काही मशीन वगैरे होतं का?"

दादा म्हणाले, "नाय वो. ढोल वाजवतो ना मी. नं वय झाला आता."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथे दोन फुटांवर उभा होतो. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि आम्ही निघालो. येताना मुरबाडला दादांनीच मला भजी खाऊ घातली.

दादांनी वाजवणं सोडलं. कानाचं मशीन घेतलं, पण ढोलाजवळ ते शिट्टी मारतं. ते देव्हाऱ्याशेजारी डबीत असतं. उजवा कानही आता गेल्यासारखाच आहे. मी अजून दोन वर्षं धंदा रेटला, मग टेम्पो विकला. लोकांना मी पाठदुखी सांगतो.

यंदा उन्हाळ्यात दादांच्या मुलीचं, मनीषाचं लग्न झालं. हळदीच्या आठ दिवस आधी दादा शहापूरला माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ती तुजी जुनी रेकॉर्डची थाळी आन. लॅपटॉप नको. मी वाजवनार."

दुपारी अंगणात मांडव. वयनींनी न सांगता कोंड्याची गोणी आणून टाकली. बऱ्याच वर्षांनी मी अंकलच्या खोक्यातली रेकॉर्ड काढली, तीच, पहिल्या दिवशी खळ्यावर लावलेली. मनीषा हळद लावून पाटावर बसलेली. दादांनी ढोल गळ्यात घातला. गाण्याची वाट त्यांनी बघितली नाही. बघून उपयोगही नव्हता. त्यांनी आपलं सुरू केलं आणि मी बोट पट्टीवर ठेवलं.

हात तसाच होता, पण वेग खूप उतरला होता. मी पट्टी खाली घेत गेलो. आठ टक्के खाली गेली की पट्टी संपते. दादा त्याच्याही खाली होते. मग मी पट्टी सोडली आणि फिरत्या थाळीच्या कडेला बोट लावून तिला हाताने आवरत राहिलो. गाणाऱ्या बाईचा आवाज पुरुषासारखा जड झाला. वऱ्हाडातलं कुणीतरी म्हणालं, "डीजेची बॅटरी उतरली काय?" लोक हसले. मी मान वर केली नाही. दादांचा खांदा, दादांचा ओठ, एवढंच बघत होतो. सात-आठ मिनिटं तो जोर पहिल्या ठोक्यावर येऊन पडत होता आणि एकदाही घोडे सुटले नाहीत. बोटाची कातडी गेली. मनीषा रडत होती, मीही रडत होतो. ते मी लपवलं नाही.

दादांनी थांबून माझ्याकडे पाहिलं. काठी काठाजवळ नेली आणि हात तसाच धरून ठेवला. "जमला का रे?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीतच नव्हतं. मी दोन्ही हातांनी गोणीवर दोनदा थापटलं. मग त्यांनी काठी आपटली. टक टक.

जेवणं झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. अगदी हळू, नेहमीच्या आवाजात, समोर रस्त्याकडे बघत. ते पान जुळवत होते. सांगून झालं तेव्हा मला मोठं हलकं वाटलं. घरी येताना गाडीत कळलं, की मी डाव्या बाजूला बसलो होतो ते चुकून नाही.

म्हणून संपादकांना हो म्हटलं. दादा चौथीपर्यंत शिकलेत, सावकाश वाचतात, पण वाचतात. हा अंक आला की मी धसईला जाऊन त्यांच्या हातात देणार आहे.

दादा, डबा लांब ठेव म्हणून तुम्ही सांगितलंत, त्या दिवशी मी तो दोन वीत सरकवला आणि तुम्ही पाठ फिरवल्यावर त्याचा आवाज वाढवला. आधी होता त्याच्याही वर. नंतर तो कधी कमी केला नाही. तुम्ही 'बरं केलास' म्हणालात, आणि मी तुम्हाला चहा दिला.

वाचून झालं की हाक मारा. मी बाहेर ओट्यावर बसलेला असेन, तुमच्या समोर, तोंड दिसेल असा.